चितळांच्या माळावर बॉक्स ब्लाइंड : प्रकल्प नोंदी

११ फेब्रुवारी २०२३

यंदा बॉक्स ब्लाइंड, म्हणजे शिकारीसाठी लपून बसायची उंचावरची पेटी, उभं करायचं ठरलं. जमीन टेक्ससच्या हिल कंट्रीत, जंक्शन गावाच्या दक्षिणेला, लानो नदीच्या दक्षिण फाट्यापासून थोडी वर. खाली चुनखडक, त्यावर वीतभर माती. झाडं म्हणजे लाइव्ह ओक आणि ज्याला इथे सरसकट सीडर म्हणतात तो जुनिपर. सॅन अँटोनिओहून गाडीने दोन तास.

या महिन्याच्या सुरुवातीला आलेल्या बर्फवादळाने ओकच्या फांद्या जागोजागी मोडून पडल्या आहेत. आजचा दिवस वाटा मोकळ्या करण्यातच गेला. तरी एक फायदा झाला. झाडी विरळ झाल्यामुळे कुठून किती दिसतं ते नीट कळलं.

ब्लाइंड कोणासाठी, हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. लेक पंधरा वर्षांची आहे. हंटर एज्युकेशनचा कोर्स पूर्ण केलाय आणि रेंजवर नेम चांगला बसतो. तिच्याबरोबर बसणार शेजारचे रँचर आजोबा. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखरे, पण या माळावरची जनावरं त्यांच्याइतकी कोणाला कळत नाहीत. म्हणजे दोन माणसं, एक रायफल, आणि शिडीऐवजी जिना.

आतापर्यंत जमिनीवरच्या कापडी तंबूत बसत होतो. पांढऱ्या शेपटीच्या हरणाला तो चालून जातो, चितळांना नाही. चितळांचा कळप आला की वीस-पंचवीस जोड्या डोळे एकाच वेळी चारी दिशांना लागलेले असतात. एकीने खूर आपटून हाक दिली की संपलं.

४ मार्च

चितळं इथे कशी, हा प्रश्न परतवाड्याहून दर फोनला येतो, तेव्हा एकदा लिहूनच टाकते. १९३२ साली ती भारतातून टेक्ससात आणली गेली. रँचवर पाळायला आणि शिकारीला. कुंपणं तुटली, पुरात वाहून गेली, आणि कळप मोकळे झाले. आपली रोही, म्हणजे नीलगायसुद्धा १९३०च्या सुमारास दक्षिण टेक्ससातल्या किंग रँचवर आली आणि तिथे पसरली.

मेळघाटात चितळामागे वाघ आणि बिबळ्या आहेत, रानकुत्री आहेत. इथे त्यांच्या पाडसांना फार तर कोयोट. चितळ आधी गवत खातं आणि गवत संपलं की झाडपाला. पांढऱ्या शेपटीचं हरीण मात्र झाडपाल्यावर आणि रानभाज्यांसारख्या कोवळ्या वनस्पतींवरच जगतं. दुष्काळात चितळ टिकतं, इथलं मूळ हरीण उपाशी राहतं. आमच्या नदीकाठची लहान झाडं माणसाच्या कमरेपर्यंत ओरबाडून निघाली आहेत. म्हणून चितळाला इथे ना हंगाम, ना संख्येची मर्यादा. राज्याचा शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की पुरे. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ज्याला हात लावता येत नाही, तेच जनावर इथे कमी करावं लागतं. आईला हे पटलेलं नाही. तिचं न पटणं मला समजतं. मेळघाटच्या पायथ्याशी वाढल्यामुळे चितळाचा ठिपक्यांचा नर पाहून अजून माझाही श्वास थांबतो. पण जमीन आमच्या नावावर आहे, तेव्हा तिच्यावर काय उगवतं आणि काय मरतं त्याची जबाबदारीही आमचीच.

बाबांना मात्र पहिल्याच वाक्यात मुद्दा कळला. तरुणपणी हरभऱ्याच्या दिवसांत ते रानडुकरांसाठी जागलीला जात. व्हिडिओवर माळ दाखवला तर म्हणाले, "मचान मंग बांधजो. आंधी सांग, वारा कोनीकून येते?"

२५ मार्च

बाबांच्या प्रश्नापासूनच सुरुवात केली. तीन जागांवर खांबाला सुतळी आणि रंगीत फीत बांधली आणि सकाळ-संध्याकाळ नोंदी घेतल्या. इथला नेहमीचा वारा आग्नेयेचा, मेक्सिकोच्या आखाताकडून येणारा. थंडीची लाट आली की एका तासात फिरून उत्तरेचा होतो. त्याला नॉर्दर म्हणतात.

वास लपवायचा तर ब्लाइंड फीडरच्या, म्हणजे जनावरांना मका टाकायच्या यंत्राच्या, वायव्येला हवं. मग आग्नेयेचा वारा जनावरांकडून आपल्याकडे येतो. बहुतेक लोक एवढ्यावर थांबतात. पण वायव्येला बसलं की तोंड आग्नेयेला, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य उगवतो तोही तिकडेच. गोळी झाडण्याजोगा उजेड होतो नेमका तेव्हाच डोळ्यांत ऊन. पंधरा वर्षांच्या मुलीला स्कोपमधून पाहताना डोळे दिपले तर नेम चुकेल, आणि चुकलेला नेम म्हणजे जखमी जनावर.

म्हणून ब्लाइंड फीडरच्या बरोबर उत्तरेला ठेवायचं ठरवलं. तोंड दक्षिणेला. हिवाळ्यात सूर्य डावीकडे खूप बाजूला उगवतो आणि उजवीकडे तितकाच बाजूला मावळतो. आग्नेयेच्या वाऱ्यात आपला वास मागच्या सीडरच्या दाटीत जातो, फीडरकडे नाही. नॉर्दर आला की या ब्लाइंडमध्ये बसायचं नाही, एवढा एकच नियम पाळायचा.

दुसरी गोष्ट, गोळीच्या मागे काय आहे. जागेची निवड खरं तर इथेच संपायला हवी. फीडरच्या मागे, दक्षिणेला, मातीचा चढ आहे. बाकीच्या दोन जागांवर मागे उघडा खडक होता आणि खडकावरून गोळी कुठेही उडू शकते. त्या दोन्ही बाद.

१५ एप्रिल

उंची. बाजारात ५, १० आणि १५ फुटांचे टॉवर मिळतात. १५ फूट ऐकायला बरं वाटतं, पण आमची सीडर तेवढी उंच नाहीत. पेटी आकाशासमोर उठून दिसली असती. १० फुटांवर मागे ओकचा गडद पडदा मिळतो.

हिशेब करून पाहिला. तळ १० फुटांवर, म्हणजे रायफलची नळी साधारण १३ फुटांवर. १०० यार्डांवर उभ्या जनावराच्या छातीतून, अडीच फुटांवरून, आरपार गेलेली गोळी सपाट जमिनीवरही पुढे सत्तरेक फुटांत मातीत जाते. तंबूतून झाडलेली गोळी जवळजवळ जमिनीला समांतर जाते आणि कुठे थांबेल ते मागच्या भूगोलावर असतं. उंच मचाणाचा खरा फायदा मला हाच वाटतो. दूरचं दिसणं, वास वरून जाणं, हे त्यानंतर.

६ मे

खिडक्यांचा उंबरा किती उंच हवा, ते गॅरेजमध्ये ठरवलं. भिंतीवर चिकटपट्टीने खिडक्या आखल्या, खुर्ची ठेवली, रायफलच्या जागी झाडूचा दांडा. लेकीला आरामात टेकायला ३२ इंच लागतात, आजोबांना ३६. ३४ वर ठरलं, आणि खुर्च्या खाली-वर होणाऱ्या घ्यायच्या.

यातून आणखी एक गोष्ट निघाली. ३४ इंचांच्या उंबऱ्यामागे बसलं की ब्लाइंडपासून तीस फुटांच्या आतली जमीन दिसतच नाही. शिकारीला अडचण नाही, पण खाली माणूस किंवा गुरं असतील तर कळणार नाही. त्यामुळे जिन्याजवळ एक छोटा बहिर्गोल आरसा लावायचा.

३ जून

पेटी कसली? या प्रश्नावर लोक सगळ्यात जास्त बोलतात. आमच्याकडे तो शेवटी आला, आणि तोवर अर्धं उत्तर आपोआप मिळालं होतं.

पत्र्याची नको. सकाळी ऊन चढलं की पत्रा प्रसरण पावतो आणि कडकड वाजतो. प्लायवूडची घरी बनवता येते, आवाज कमी, वजन चांगलं, खर्च सर्वांत कमी. पण दर एक-दोन वर्षांनी रंग, आणि कडांमधून पाणी शिरलं की थर सुटतात. एका साच्यातून काढलेली पॉलिएथिलीनची पेटी पावसाला पक्की आणि हलकी, पण आमची चितळांची शिकार उन्हाळ्यातही चालणार. उन्हाळ्यात मे ते जुलै नर माजावर असतात. तेव्हा त्या पेटीत उकाड्याने बसवणार नाही. शेवटी फायबरग्लासची, आतून फोम लावलेली, ५ बाय ६ फुटांची घेतली. खिडक्या उभ्या आणि आडव्या दोन्ही, बिजागऱ्या नाहीत, काच खाली सरकते. दुकानात मी प्रत्येक खिडकी डोळे मिटून उघडून पाहिली. ज्या मॉडेलची कडी 'टक्' वाजली ते तिथेच सोडलं.

दार आत उघडणारं आणि बाहेर लहान ओटा. दार बाहेर उघडणारं आणि खाली नुसती शिडी असेल, तर ते उघडताना माणूस मागे ढकलला जातो. ही रचना अजून विकली जाते, आणि विकली जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

१७ जून

वाऱ्याचा जोर. माझं रोजचं काम इमारतींच्या सांगाड्यांचं, त्यामुळे हे मनापासून केलं.

पेटीची रुंद बाजू ६ फूट, उंची साडेसहा. ३९ चौरस फूट. उन्हाळी वादळाचा झोत ताशी ९० मैल धरला तर चौरस फुटाला २१ पौंडांच्या आसपास दाब, आकाराचा गुणांक धरून एकूण जोर हजार पौंडांच्या थोडा वर. तो लागतो जमिनीपासून सव्वातेरा फुटांवर. पेटी आणि टॉवर मिळून वजन जेमतेम ७०० पौंड, पायांमधलं अंतर १० फूट. वजनाच्या जोरावर टॉवर उभा राहत नाही, अगदी जवळपासही नाही. वाऱ्याकडच्या दोन पायांना प्रत्येकी ५०० पौंडांवर उचल येते. सुरक्षेसाठी दुप्पट धरायची. म्हणजे प्रत्येक पायाला १००० पौंड धरणारा नांगर, म्हणजे पाय जमिनीला जखडणारा अँकर हवा.

जमिनीत पिळून बसवायचे जे नांगर किटबरोबर येतात ते मऊ मातीसाठी. इथे चार इंचांवर खडक लागतो आणि ते वाकतात.

८ जुलै

पहाटे सहाला सुरुवात, दहाला बंद. उन्हाळा यंदा फार कडक आहे.

तीन पायांखाली पक्का चुनखडक. हॅमर ड्रिलने भोकं पाडली, हवेने धूळ काढली. हे मात्र मन लावून करावं लागतं. धूळ राहिली की इपॉक्सी (घट्ट होणारा चिकट लेप) दगडाला न चिकटता धुळीला चिकटते. त्यात गॅल्व्हनाइज्ड सळ्या बसवल्या. चौथ्या पायाखाली मात्र पहारीचा आवाज बद्द आला. वरचा थर सुटा, खाली कॅलिची, म्हणजे चुन्याने घट्ट झालेली माती. तिथे दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणला. आठ घनफूट काँक्रीट म्हणजे १२०० पौंड. ८० पौंडांच्या एका पिशवीतून ०.६ घनफूट निघतं, तेव्हा चौदा पिशव्या. पाणी टाकीतून आणलं, मिक्सर आजोबांचा.

आज ओकच्या फांद्याही कापल्या. फेब्रुवारी ते जून ओक छाटायचा नाही, असं इथलं वनखातं दरवर्षी बजावतं. ताज्या जखमेवर येणारे भुंगे ओक विल्ट या झाड वाळवणाऱ्या रोगाची बुरशी आणतात आणि लाइव्ह ओकची मुळं एकमेकांत गुंतलेली असल्याने एका झाडापाठोपाठ रांगच वाळते. म्हणून जुलैपर्यंत थांबलो, आणि प्रत्येक कापावर लगेच रंग लावला. सीडर कधीही कापा, त्याला अडचण नाही. मोकळ्या पट्ट्या तीनच ठेवल्या, अरुंद. सगळं मैदान साफ केलं की जनावर उघड्यावर यायला कचरतं.

२२ जुलै

नांगर तपासले. क्रेनला लावायचा वजनकाटा आणि बॉटल जॅक, प्रत्येक सळीवर हजार पौंडांचा ताण, दहा मिनिटं. चारही हलले नाहीत.

मग उभारणी. ट्रॅक्टरचा लोडर दहा फूट वर जात नाही. म्हणून टॉवर आडवा ठेवून त्याला पेटी बोल्टने जोडली. दोन पाय नांगरांवर बिजागरीसारखे धरले आणि ट्रॅक्टरने तारेने ओढत उभं केलं. उलट्या बाजूने दुसरी तार गाडीला बांधलेली होती, कारण तोल मधल्या बिंदूपलीकडे गेला की टॉवर आपणहून धावतो. तो पुढे कोसळू नये म्हणून मागची तार हळूहळू सोडत आणावं लागतं. टॉवरच्या उंचीच्या दीडपट अंतरात कोणीही नाही, हे आजोबांनी दोनदा ओरडून सांगितलं. उभं राहिल्यावर पातळी पाहिली आणि पातळ पोलादी चकत्या घालून सारखं केलं.

१९ ऑगस्ट

नवा परवाना विक्रीला आला. तो १ सप्टेंबरपासून लागू. तिघांचे काढले.

ब्लाइंडचा वास अजून कारखान्याचा आहे. खिडक्या जाळी लावून उघड्या ठेवल्यात. ऑक्टोबरपर्यंत उन्हाने आणि वाऱ्याने तो जाईल, आणि चितळांनाही पेटीची सवय होईल. ब्लाइंड हंगामाच्या आदल्या आठवड्यात उभारणाऱ्यांना जनावरं मान वर करून पेटीकडेच बघताना दिसतात.

फीडर बरोबर १०० यार्डांवर बसवला. अफ्लाटॉक्सिनची (बुरशीच्या विषाची) चाचणी झालेला मका. भोवती ३४ इंच उंचीच्या जाळीचं रिंगण केलं. हरणं उडी मारून आत येतात, रानडुकरं बाहेर राहतात.

२३ सप्टेंबर

तांबड्या गांधीलमाशांनी छताच्या कोपऱ्यात पोळं केलं होतं. सकाळी गारव्यात, त्या सुस्त असताना काढलं आणि फटी फोमने बुजवल्या. जिन्याखाली वाकून बघितल्याशिवाय पाय ठेवायचा नाही, रॅटलस्नेकला सावली आवडते. हा नियम लेकीने दाराला लिहून लावलाय.

१४ ऑक्टोबर

आज कंकणाकृती सूर्यग्रहण, आणि आमची जमीन नेमकी पट्ट्यात. बाराला थोडं कमी असताना उजेड पितळी झाला आणि खडकावर ओकच्या पानांमधून शेकडो कड्या पडल्या. सगळ्यांनी चष्मे लावून पाहिलं, आजोबांनी टोपी काढली.

त्याआधी आणि नंतर आतलं काम. तळाला रबराची चटई आणि वर गालिचा. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट. भिंती आतून काळ्या, मागच्या खिडकीला गडद पडदा, नाहीतर मागून उजेड आला की बसलेल्या माणसाची आकृती समोरून स्पष्ट दिसते. एका वेळी एकच खिडकी उघडायची. हीटर ठेवलेला नाही. ठेवला तर झरोका आणि कार्बन मोनॉक्साइडचा गजर लागेल, आणि इथल्या थंडीला जाड जॅकेट पुरतं.

रायफल वर नेण्यासाठी दोरी. रिकामी, बोल्ट उघडा, नळी खाली. जिन्याला दोन्हीकडे कठडा असला तरी हातात बंदूक घेऊन चढायचं नाही.

४ नोव्हेंबर

पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या सर्वसाधारण हंगामाचा पहिला दिवस. आठवड्याच्या सुरुवातीला नॉर्दर येऊन गेला, आज वारा पुन्हा आग्नेयेचा. अंधारातच लेक आणि आजोबा मागच्या सीडरमधल्या वाटेने गेले. ही वाट मी मुद्दाम लांबून आणली आहे, फीडरकडून एक पाऊलही दिसत नाही. सूर्योदय आठच्या जरा आधी होता, कायद्याने त्याच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडता येते.

पांढऱ्या शेपटीच्या दोन माद्या आणि एक कोवळा नर आला. लेकीने रायफल उचलली नाही. मला म्हणाली, "नर लहान होता, आई. आणि माद्यांना आपण यंदा सोडायचं ठरवलंय ना." माझ्याही आधी ते तिला आठवलं.

५ नोव्हेंबर

संध्याकाळी चितळांचा कळप आला. आजोबा सांगतात की पुढची थोराड मादी दोनदा थांबली, पेटीकडे पाहिलं आणि चरायला लागली. लेकीने जवळजवळ वीस मिनिटं वाट पाहिली, कारण हवी ती मादी दुसरीच्या पुढे उभी होती. ती बाजूला झाली तेव्हा एक गोळी, .२४३ची, खांद्यामागे. मादी चाळीस पावलांत पडली. गोळी मागच्या चढात मातीत सापडली.

रात्रीच सोलून, तुकडे करून बर्फात ठेवलं. या मांसाला चरबी नसते, म्हणून सावजी मसाल्यात तेल जरा सढळ लागतं. एक मांडी आजोबांकडे.

१८ नोव्हेंबर

टॉवरचे सगळे बोल्ट पुन्हा आवळले. तीन किंचित सैल होते, सगळे जिन्याच्या बाजूचे. त्यांना लॉक वॉशर लावले. चौथ्या पायाच्या काँक्रीटशी सूत लावून पाहिलं, हललेलं नाही.

दक्षिणेच्या खिडकीच्या खाचेत धूळ साचून काच सरकताना बारीक करकर येते. तिथलं फेल्ट बदलायचं, खाच आठवड्याला पुसायची.

उत्तरेच्या वाऱ्याच्या दिवसांसाठी दुसरी जागा पाहायला घेतली. फीडरच्या दक्षिणेला चढावरच बसायचं म्हटलं तर गोळी उत्तरेला, म्हणजे आत्ताच्या ब्लाइंडच्या दिशेने. ते नाही. पूर्वेकडच्या ओढ्याच्या काठावर तीन खांब रोवून फिती बांधल्या आहेत. जानेवारीपर्यंत नोंदी घेते.